वर्गणीची वही आणि संगणकाचा सांगाडा

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी कीर्तन होते, भारूड होते, डॉक्टर मंडळी आरोग्यावर बोलतात. यंदा कार्यकारिणीने आम्हाला सांगितले, ‘तुम्ही वर्गणीचे ॲप केलेत ना, ते कसे केले ते सांगा.’ बाप्पासमोर संगणकावर काय बोलायचे, असा आम्हाला प्रश्न पडला. त्यावर एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, ‘अहो, विद्येचाच देव आहे तो. ऐकेल.’ म्हणून उभे आहोत.

‘आम्ही’ म्हणतो ते मोठेपणाने नव्हे. आम्ही तिघे होतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून सरकारी नोकरीला लागलेला एक, तो तुमच्यासमोर उभा आहे. दुसरी भालकीला इंजिनिअरिंग शिकणारी भाची. तिसरा शेजारचा मुलगा, जो कापडदुकानात हिशेब लिहितो. या तिघांत नव्या पद्धतीचे ज्ञान फक्त भाचीला होते. आमच्या डिप्लोमाच्या काळात फ्लॉपी होती.

काम कशासाठी केले ते आधी सांगतो. आपली वर्गणीची वही तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. दोन वर्षांपूर्वी मांडवात पावसाचे पाणी आले आणि वहीची चार पाने भिजली. शाई पसरली. कोणी किती दिले, कोणाचे राहिले, काही कळेना. आपले जुने खजिनदार, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते घरोघर जाऊन विचारत फिरले. एका घरात त्यांना ऐकावे लागले, ‘आम्ही दिलेत, तुम्ही लिहिले नसेल.’ अण्णांनी ती रक्कम आपल्या खिशातून भरली आणि कोणाला सांगितले नाही. आम्हाला ते नंतर त्यांच्या मुलाकडून समजले. तेव्हाच ठरवले, की ही वही पावसात भिजणार नाही अशा जागी ठेवायची.

आता ‘फ्रेमवर्क’ म्हणजे काय? आपण दरवर्षी मांडव घालतो तेव्हा बांबू तोडायला रानात जात नाही. मांडववाला खांब, आडवे वासे, पत्रे, दोर घेऊन येतो आणि सांगाडा उभा करतो. आरास आपण करतो. ॲप तयार करतानाही तसेच. पानावर बटण कसे उमटावे, आकडा बदलला की बेरीज आपोआप कशी बदलावी, एका पानावरून दुसऱ्या पानावर कसे जावे, हा सगळा सांगाडा कोणीतरी आधीच बांधून ठेवलेला असतो. त्याला फ्रेमवर्क म्हणतात. आम्ही घेतला त्याचे नाव ‘व्ह्यू’. इव्हान यू या माणसाने तो २०१४ साली जगापुढे आणला. तो फुकट आहे, आणि आत काय आहे ते कोणीही उघडून वाचू शकतो.

तो ज्या भाषेत चालतो ती जावास्क्रिप्ट. ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात तिचा पहिला आराखडा दहा दिवसांत तयार केला. आपल्या उत्सवाइतकेच दिवस! घाईत केलेल्या आराशीत एखादा खिळा वर राहतो, तसे या भाषेतही काही खिळे वर राहिले आहेत. त्यातला एक आमच्या पायात कसा घुसला ते पुढे सांगतो.

पहिली पायरी संगणक तयार करण्याची. जावास्क्रिप्ट मुळात ब्राउझरमध्ये चालणारी भाषा. २००९ साली रायन डाल यांनी ‘नोड’ आणले आणि ती ब्राउझरबाहेरही चालू लागली. सांगाडा उभा करायला हे नोड आपल्या संगणकावर बसवावे लागते. आमच्या घरच्या लॅपटॉपवर विंडोज ७ होते. नोडची नवी आवृत्ती त्यावर बसतच नाही. एक संध्याकाळ त्यात गेली. शेवटी भाचीचा लॅपटॉप घेतला. तुमच्यापैकी कोणी करणार असेल तर लक्षात ठेवा : नोडच्या संकेतस्थळावर ‘एलटीएस’ असे लिहिलेली आवृत्ती घ्यावी. तिला बराच काळ दुरुस्त्या मिळत राहतात.

दुसरी पायरी एका ओळीच्या आज्ञेची. काळ्या खिडकीत ‘एनपीएम क्रिएट व्ह्यू’ असे लिहिले, की संगणक प्रश्न विचारू लागतो. प्रकल्पाचे नाव काय? अनेक पाने हवीत का? तपासणीची साधने हवीत का? आम्ही हौसेने नाव देवनागरीत ‘वर्गणी’ असे दिले. ते पॅकेजचे नाव म्हणून चालत नाही, रोमन लहान अक्षरेच लागतात. जरा वाईट वाटले. पण पुढे कळले, की प्रत्यक्ष जावास्क्रिप्टमध्ये आकडा साठवायच्या जागेला ‘वर्गणी’ असे मराठी नाव देता येते आणि ते बिनतक्रार चालते. भाचीने लगेच ‘वर्गणी’, ‘खर्च’, ‘शिल्लक’ अशी नावे देऊन टाकली.

त्यानंतर ‘एनपीएम इन्स्टॉल’. इथे आम्ही थोडे घाबरलो. आमचे काम चार पानांचे, आणि संगणकाने नेटवरून शेकडो लहान लहान पॅकेजे आणून एका फोल्डरमध्ये टाकली. ही सगळी जगभरच्या अनोळखी लोकांनी लिहिलेली. एका अर्थी तीही वर्गणीच. पण तिची जोखीम आहे. २०१६ च्या मार्चमध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने एका वादातून काढून घेतले, आणि जगातले कितीतरी मोठे प्रकल्प त्या दिवशी तयार होईनासे झाले. म्हणून कोणते पॅकेज कोणत्या आवृत्तीचे घेतले याची एक ‘लॉक’ फाइल सोबत तयार होते. ती कधी पुसू नये. आणि गरज नसलेले पॅकेज घेऊ नये. ओळख नसलेल्या माणसाच्या हाती आपण पावतीपुस्तक देतो का? तेच इथे.

तिसरी पायरी ‘एनपीएम रन डेव्ह’. ही आज्ञा दिली की आपल्याच संगणकावर ॲप सुरू होते, पत्त्यात ५१७३ असा आकडा दिसतो. हे काम करणाऱ्या साधनाचे स्पेलिंग व्ही-आय-टी-ई. व्ही म्हणजे रोमन पाच, आय म्हणजे एक, टी सातासारखा, ई म्हणजे उलटा तीन. म्हणून ५१७३. तेही इव्हान यू यांनीच २०२० मध्ये केले. शब्द फ्रेंच आहे, अर्थ ‘चटकन’, आणि उच्चार ‘वीट’. हे ऐकून अण्णा म्हणाले, ‘मग बरोबर आहे. विटेवरच उभं राहायचं असतं.’ आमच्या कामाला पांडुरंगाचा पाया मिळाला.

हा झाला कच्च्या कीर्दीचा कारभार. कच्च्या कीर्दीत आपण खाडाखोड करतो, तसे इथे फाइलमध्ये एक शब्द बदलला की पडद्यावर क्षणात बदल दिसतो. व्ह्यूच्या एका फाइलमध्ये तीन भाग असतात : पानाचा साचा, त्यामागची जावास्क्रिप्ट आणि रंगरूप. आम्ही अशा चार फाइली केल्या : नवी पावती, घरांची यादी, खर्च आणि गोषवारा.

आता तो खिळा. पहिल्या दिवशी ५०१ आणि १०१ अशा दोन पावत्या घालून बेरीज पाहिली. पडद्यावर आले पाच लाख एक हजार एकशे एक! दुकानात हिशेब लिहिणारा आमचा तिसरा गडी हसून म्हणाला, ‘काका, एवढ्यात तर पुढची दहा वर्षे वर्गणी मागायला नको.’ कारण असे, की चौकटीत टंकलेले ५०१ संगणकाला आधी अक्षरे म्हणून मिळते. जावास्क्रिप्टमध्ये अक्षरांची बेरीज केली की ती एकापुढे एक चिकटतात. ५०१ पुढे १०१. हा आकडा आहे असे तिला स्पष्ट सांगावे लागते.

ते सांगितले आणि दुसराच घोटाळा निघाला. अण्णांनी मराठी कीबोर्डवरून ५०१ असे देवनागरी अंक टंकले. जावास्क्रिप्ट त्यांना आकडा मानतच नाही. तिच्या लेखी तो ‘आकडा नव्हे’. भाची म्हणाली, ‘मामा, अण्णाआजोबांना इंग्रजी अंक टाकायला सांगूया, एक मिनिटाचं काम आहे.’ आमच्याही मनात तेच आले होते. पण पंचेचाळीस वर्षे ज्या हाताने मराठीत अंक लिहिले, त्या हाताला ॲपने का शिकवावे? ॲपने शिकावे. युनिकोडमध्ये देवनागरी शून्य ते नऊ ओळीने बसलेले आहेत, त्यामुळे प्रत्येक अंकाला त्याचा जोडीदार देणे सोपे. दोन ओळींत काम झाले. उलट बाजूने, ‘हा आकडा मराठीत दाखव’ एवढे सांगितले की ब्राउझर स्वतःच ‘१,२३,४५६’ असे लाखाच्या स्वल्पविरामासकट देवनागरीत दाखवतो. ती सोय आधीपासून होती, आपणच मागत नव्हतो.

भाषेचा प्रश्न आपल्या गावात असा सहज सुटत नाही. आपल्या गावाचे नावच बघा. हळ्ळी म्हणजे कन्नडात गाव, खेड म्हणजे मराठीत गाव. दोघांनी आपापला शब्द ठेवला आणि कोणी कोणाचा पुसला नाही. १९५६ साली जुन्या बीदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. कचेरीत आम्ही दिवसभर कन्नडात लिहितो, घरी येऊन मराठीत बोलतो. आपली मुले बहुतेक कन्नड किंवा इंग्रजी शाळेत जातात. बाजारपेठेतले वर्गणीदार पावती कन्नडात मागतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. म्हणून ॲपमधले सगळे शब्द आम्ही पानांतून काढून दोन वेगळ्या फाइलींत ठेवले, एक मराठी, एक कन्नड. एक बटण दाबले की पावती बदलते. मराठी फाइल आम्ही तपासली. कन्नड फाइल तपासायला शेजारच्या गल्लीतले एक निवृत्त शिक्षक दोन संध्याकाळ येऊन बसले. चहा सोडून काही घेतले नाही.

चौथी पायरी ‘एनपीएम रन बिल्ड’, म्हणजे पक्की कीर्द. संगणक सगळ्या फाइली एकत्र करतो, मोकळ्या जागा काढतो, न वापरलेले गाळतो आणि ‘डिस्ट’ नावाच्या फोल्डरमध्ये आटोपशीर गाठोडे बांधून देतो. आम्ही आनंदाने त्या फोल्डरमधली फाइल दोनदा टिचकी मारून उघडली, तर नुसता पांढरा पडदा. आमचा जीव खाली-वर. चूक आमची होती. ते गाठोडे सर्व्हरवरून उघडण्यासाठी असते, थेट फोल्डरमधून नाही. ‘एनपीएम रन प्रिव्ह्यू’ म्हटल्यावर व्यवस्थित दिसले. पुढे ते नेटवरच्या एका फुकट जागेत एका उपफोल्डरमध्ये ठेवले, तेव्हा पुन्हा पांढरा पडदा! ते ॲप आपल्या फाइली पत्त्याच्या मुळाशी शोधत होते. सेटिंगमध्ये ‘बेस’ म्हणून उपफोल्डरचे नाव लिहिले आणि सुटले. कोणाला पांढरा पडदा दिसला तर आधी हे दोन तपासा, रात्र वाचेल.

एवढे झाल्यावर आम्हाला वाटले, काम झाले. खरे तर खरे काम इथून पुढे होते.

आम्ही घरांच्या यादीला एक सोय दिली होती. रकमेवर बोट ठेवले की सर्वात मोठी वर्गणी वर. सांगाड्यात हे एका ओळीचे काम, म्हणून केले. गेल्या वर्षी तीच यादी छापून मांडवात लावली. कोणाच्या मनात काही नव्हते. चार दिवसांनी एक आजी आल्या. त्या दरवर्षी न चुकता एकावन्न रुपये देतात आणि आरतीला सगळ्यांच्या आधी हजर असतात. म्हणाल्या, ‘बाळा, पुढच्या वर्षी माझं नाव लिहू नको. पैसे घे, नाव नको.’ आम्ही कारण विचारले नाही. यादीत त्यांचे नाव कुठे होते ते आम्हाला माहीत होते.

त्या रात्री आम्ही जुन्या वह्या काढल्या. एकाही वहीत नावे रकमेच्या क्रमाने नाहीत. देवळापासून सुरू होऊन गल्लीगल्लीने, ज्या क्रमाने कार्यकर्ते घरे फिरतात त्या क्रमाने आहेत. एकावन्नवाले घर पाच हजारवाल्या घराच्या शेजारी, कारण ती घरे शेजारी आहेत. आम्हाला वाटले होते वही जुनाट आहे. पण वहीने हा प्रश्न आमच्या जन्माआधीच सोडवून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी ती एक ओळ काढून टाकली. आता यादी गल्लीच्या क्रमाने येते, रक्कम फक्त खजिनदार आणि हिशेब तपासनीस पाहू शकतात, आणि मांडवात नुसती नावे लागतात. आजींना जाऊन यादी दाखवली. त्यांनी आपले नाव बोटाने शोधले, शेजारणीचे नाव वाचले आणि ‘राहू दे’ म्हणाल्या.

दुसरी गोष्ट खोडण्याची. पहिल्या ॲपमध्ये प्रत्येक पावतीपुढे कचऱ्याच्या डब्याचे चित्र होते. दाबले की नोंद गेली. अण्णांनी ते पाहिले आणि चष्मा काढून विचारले, ‘हे कोण दाबणार?’ आम्ही म्हटले, चूक झाली तर दाबायचे. ते म्हणाले, ‘चूक झाली तर चूक दिसली पाहिजे.’ आम्ही सरकारी माणसे. कचेरीच्या रजिस्टरमध्ये आडवी रेघ मारून सही करतात, पांढरी शाई लावत नाहीत, हे आम्ही रोज पाळतो. पण ॲप लिहिताना ते विसरलो, कारण तो डबा तयार मिळत होता. आता डबा नाही. चुकीची पावती रद्द करायची तर उलटी नोंद होते, तिच्यापुढे कारण आणि करणाऱ्याचे नाव राहते, आणि मूळ नोंद तशीच दिसते.

आपल्या कर्नाटकातले मोठे उदाहरण सांगतो. हुमनाबादला जाऊन संगणकावरची पहाणी आपण सगळ्यांनी आणली आहे. ती ‘भूमी’ प्रकल्पातली. पंचवीस वर्षांपूर्वी राज्यातल्या ६७ लाख खातेदारांच्या सुमारे २ कोटी नोंदी संगणकावर गेल्या आणि हाताने लिहिलेली पहाणी बंद झाली. त्यात संगणक जितका महत्त्वाचा तितकेच हे, की बदल करणाऱ्या कर्मचाऱ्याला आधी बोटाचा ठसा द्यावा लागे. बदल कोणी केला ते नोंदीत राही. आमचे ॲप त्यापुढे मुंगीएवढे, पण नियम तोच.

तिसरी गोष्ट वही ठेवायची कुठे. डिस्ट फोल्डर म्हणजे कोरी वही. नोंदी कुठे राहतात? आमच्या ॲपमध्ये त्या मंडळाच्या लॅपटॉपच्या ब्राउझरमध्येच राहतात, म्हणून नेट नसतानाही पावती फाटते. पण कोणी ब्राउझरची साफसफाई केली तर सगळे जाईल. म्हणून रोज आरतीनंतर सगळ्या नोंदी एका साध्या फाइलमध्ये उतरवतो, पेन ड्राइव्हवर घेतो, आणि दिवसाचे पान छापून अण्णांची सही घेतो. कागद सुटलेला नाही. सुटू नये.

साधी फाइल का? सांगाडे बदलतात. ‘क्रिएट रिॲक्ट ॲप’ नावाचे साधन २०१६ मध्ये आले, जगभर लाखो लोकांनी वापरले, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ते वापरू नका असे त्याच्या कर्त्यांनीच सांगितले. आमचा व्ह्यूही एक दिवस जुना होईल. आपल्या मंडळाच्या पंधरा वर्षांपूर्वीच्या स्मरणिकेच्या फाइली आम्ही उघडून पाहिल्या. त्या वेळच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या, आता नुसती चिन्हे दिसतात. छापील अंक मात्र कपाटात आहेत आणि वाचता येतात. तसे वर्गणीचे होऊ नये म्हणून नोंदी युनिकोडमधल्या साध्या मजकुरात ठेवल्या आहेत. उद्या सांगाडा बदलला तरी त्या कोणालाही वाचता येतील.

इथे बसलेल्या मुलामुलींना एवढेच सांगायचे आहे. चार आज्ञा शिकायला एक रविवार पुरतो. त्याची भीती बाळगू नका, आणि त्याचा गर्वही करू नका. नावे कोणत्या क्रमाने लागावीत, खोडण्याचा अधिकार कोणाला, अंक कोणत्या लिपीत, पावती कोणाच्या भाषेत, हे संगणक विचारत नाही. तो फक्त प्रकल्पाचे नाव विचारतो. बाकीचे विचारायला घरातल्या जुन्या माणसाजवळ वही घेऊन बसा. आमची भाची आता दर रविवारी अण्णांकडे जाते. तिला जमाखर्च शिकायचा आहे, आणि अण्णांना मोबाइलवर मराठी टंकायला. कोण कोणाला शिकवते ते आम्ही विचारत नाही.

अजून दोन कामे बाकी आहेत. यादी नावांच्या क्रमाने लावली की संगणक ळ ला ल च्या पाठोपाठ बसवतो, ह नंतर नाही, कारण युनिकोडमध्ये त्याची जागा तिथे आहे. ज्या गावाच्या नावातच ळ्ळ आहे तिथे हे बरे दिसत नाही, ते दुरुस्त करायचे आहे. आणि भिजलेली ती चार पाने. अण्णांच्या आठवणीतून जेवढी घरे सांगता आली तेवढी लिहून काढली आहेत. काही ओळी अजून रिकाम्या आहेत. त्या वर्षी ज्यांनी वर्गणी दिली आणि ज्यांच्याजवळ पावती आहे, त्यांनी प्रसाद घेऊन जाताना ती आम्हाला दाखवावी. पावती नसेल तर नुसते सांगावे. तुमच्या शब्दावर लिहू, आणि पुढे ‘सांगण्यावरून’ असा शेरा ठेवू.



गणपती बाप्पा मोरया!